पिकलिंगचं पाणी

दादा मकरपुऱ्यात पिकलिंगला लागले
तेव्हा आईनं शेजारी सांगितलं, लोणच्याच्या कारखान्यात आहेत.
पहिल्याच आठवड्यात त्यांची बोटं पिवळी झाली
आणि ती हळद नव्हती.
साबणानं जाईना, चिंचेनं जाईना,
कातडी झडली तेव्हाच गेली,
खालची नवी कातडी सोमवारी परत पिवळी.

स्टीलचे पाइप नायट्रिकमध्ये बुडवायचे,
चकचकीत झाले की वर काढायचे.
चकाकी गिऱ्हाइकाची.
उरलेलं पाणी कुणाचं, ते चलनावर लिहिलेलं नसायचं.

आता त्याच रस्त्यावर, तीन शेड सोडून,
मी त्या पाण्यासमोर स्टूल टाकून बसते.
इथे मी शिर्केबेन.
एक टाकी, मधे पडदा, तांब्याच्या सहा पट्ट्या,
आणि रेक्टिफायर, जो दुपारचा गुरगुरतो.
वीज गेली तर पट्ट्या त्याच पाण्यात विरघळू लागतात,
टाकी मोरपिशी निळी होते, दिसायला सुंदर,
म्हणून मी चहालाही उठत नाही.

नायट्रेटचा अमोनिया व्हायला आठ इलेक्ट्रॉन लागतात.
मी ते देते. म्हणजे द्यायला बघते.
आम्लात हायड्रोजनची ही गर्दी,
रेशनच्या रांगेत मधेच घुसणाऱ्यासारखा
तो दोन उचलतो, बुडबुडा होतो, निघून जातो.
वीज त्यानं खाल्ली, बिल आमच्या नावावर.
“केटला युनिट थया, बेन?” कीर्तिशेठ दारातूनच विचारतात.
आत येत नाहीत, बूट नवे आहेत.

दोनावर थांबलं तर नायट्राइट,
ते मूळ दुखण्याहून वाईट.
अर्ध्यात सोडू नकोस, आई म्हणायची,
पण ते विणकामाबद्दल.

संध्याकाळी नमुन्यात कॉस्टिकचे थेंब टाकते
आणि वास उठतो.
नाकात झिणझिण्या, डोळ्यांना धार,
पावसाळ्यातल्या तबेल्याचा वास.
त्याची इतकी वाट दुसरं कुणी पाहत नसेल.

जशुभाई पढियार वीस वर्षं टँकरवर होते.
रात्री कुठे रिकामा करायचे ते त्यांनी सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.
मंगळवारी त्यांनी डब्याच्या पिशवीतून
सोड्याची जुनी बाटली काढली.
“गावचा बोअर. गोड पाणी आहे, बेन.
सहजच, बघा ना.”

काचेसारखं पाणी. वास नाही, रंग नाही.
तीनदा मोजलं.
एकशे अठरा.
भिंतीवरच्या तक्त्यात पंचेचाळीसपाशी लाल रेघ आहे,
त्यांनी ती माझ्याआधी पाहिली.

“मग तुमच्या टाकीत घाला ना.”
छोट्या सेलमध्ये घातलं. व्होल्टेज चढवत नेलं.
अॅमीटरचा काटा जागचा हलेना.
फार पातळ आहे, जशुभाई,
आंबट असतं, खारट असतं, तर वीज धावली असती.
टाकीत आहे तोवर मला पकडता येतं.
एकदा जमिनीत उतरलं की
वाक्य मी तिथेच सोडलं.
आईला आवडलं नसतं.

“घरात लहान कोण?”
“नात. चौथा महिना लागला.”
“तिच्या दुधात हे पाणी नको.
उकळूनही नको, उकळलं की आणखी दाट होतं.”
त्यांनी बाटलीचं झाकण लावलं,
परत काढलं, परत लावलं.

रजिस्टर उघडलं. तारीख, आकडा.
‘कुठून आलं’ या रकान्यात
मी त्यांच्या गावाचं पहिलं अक्षर लिहिलं होतं.
ते म्हणाले, खोडा ते, बेन.
माझं नाव घाला.